घरात वीस दिवस ‘बाहेर’ : डिचोली तालुक्यातील एका गर्भनिरोधन प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण उत्तर गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रात जुलै २०२३ ते २०२५ च्या सुरुवातीपर्यंत घडले. त्या काळात मी तेथे समुपदेशक म्हणून काम करत होते. संबंधित स्त्रीची परवानगी घेऊन ते लिहिले आहे. तिचे नाव, गावाच्या खुणा आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. येथे तिला वासंती म्हटले आहे. प्रकरणात वैद्यकीयदृष्ट्या असाधारण असे काही घडले नाही, आणि तेच ते लिहिण्याचे मुख्य कारण आहे. औषधाचा परिणाम पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच झाला, तरीही आमचा सल्ला त्या घरात टिकला नाही.

पार्श्वभूमी

वासंती त्या वेळी २८ वर्षांची होती. माहेर दोडामार्गकडचे, शिक्षण बारावीपर्यंत. घरात बोलणे कोकणीतून आणि देवकार्य, आरत्या, भजन व थोरल्या मुलीची शाळा मराठीतून, ही या भागातील पुष्कळ घरांची रीत तिच्या सासरीही होती. नवरा पूर्वी खाणीवर टिप्पर चालवत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ते काम गेले. काही काळाने किनाऱ्यावरच्या हॉटेलांना माल पोचवणाऱ्या गाडीवर त्याला नोकरी मिळाली. तो म्हापशाला खोली घेऊन राही, सोमवारी रात्री घरी येई आणि बुधवारी पहाटे परत जाई. घरी सासू, वासंती आणि दोन मुली : थोरली पाच वर्षांची, धाकटी डिसेंबर २०२२ च्या सुरुवातीस जन्मलेली. दुसऱ्या बाळंतपणापूर्वी वासंती औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात औषधांच्या पॅकिंगचे काम करत होती आणि बाळ वर्षाचे झाले की परत जाण्याचा तिचा विचार होता.

तिसऱ्या मुलाबद्दल घरात एकमत नव्हते. सासूला नातू हवा होता आणि ती तसे बोलून दाखवत असे. नवरा ‘बघू’ म्हणे. वासंतीला निदान चार वर्षे तरी मूल नको होते; त्यानंतरचे तिने ठरवले नव्हते. म्हणजे तिला पाळणा थांबवायचा नव्हता, लांबवायचा होता, आणि तिच्या भोवतालच्या बायकांना जी माहिती होती ती बहुतेक पाळणा थांबवण्याची होती. कोणती साधने माहीत आहेत असे पहिल्या भेटीत विचारले, तेव्हा तिने दोनच सांगितली : ऑपरेशन आणि तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी). निरोध तिला माहीत होता, पण तो तिने साधनांत धरला नाही. तो पुरुषांनी आणायचा, आणि नवरा आणत नव्हता. बहात्तर तासांतली गोळी मात्र त्याने म्हापशाच्या औषधाच्या दुकानातून दोन महिन्यांत तीन वेळा आणली होती. ती गोळी म्हणजे नेहमीच्या वापराचेच साधन आहे, अशी दोघांचीही समजूत होती.

मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये उघडले. मराठीत या विषयावर जाहीर बोलणे सुरू होऊन शंभर वर्षे होऊन गेली, आणि तरीही बारावी झालेली एक मराठी वाचणारी स्त्री या गोष्टीचा उल्लेख माझ्यासमोर ‘ते’ असाच करत होती. हे मी तिच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून नोंदवत नाही. ‘ते’ या शब्दाच्या पुढे जाऊन बोलण्याची वेळ तिच्यावर आजवर कोणी आणलीच नव्हती.

याला येथील परिस्थितीही कारणीभूत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.३ आला, त्याच फेरीत देशाचा २.० होता. एवढा कमी आकडा पाहिला की हा प्रश्न येथे सुटला आहे असे वाटू लागते, आणि दोन मुलांमधील अंतराविषयी बाईला विचारण्याची निकड कोणालाच राहत नाही. शिवाय इतर राज्यांत घरोघरी जाणारी आशा कार्यकर्ती गोव्यात नाही. तिचे काम आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर येते, आणि त्यांच्याकडे आधीचीच कामे पुष्कळ असतात.

पहिली भेट आणि नेमकी अडचण

जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात वासंती बाळाचे वजन करायला अंगणवाडीत आली होती. मी त्या दिवशी तेथे होते. वजन झाल्यावर ती रेंगाळली, आणि बाकीच्या बायका गेल्यावर म्हणाली, “मॅडम, बाळंतपणानंतर माझी पाळी अजून आलेलीच नाही. दूध पाजते तोवर काही होत नाही ना?”

अंगावर पाजण्यामुळे मिळणारे संरक्षण तीन अटींवर असते : बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, ते केवळ आईच्या दुधावर असावे आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. तिचे बाळ सात महिन्यांचे होते आणि त्याला नाचणीचे सत्त्व सुरू होऊन महिना झाला होता. तीनपैकी दोन अटी मोडल्या होत्या, आणि गेले काही आठवडे तिचा भरवसा उरलेल्या एका अटीवर व त्या दुकानातल्या गोळीवर होता.

आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी केली, ती नकारार्थी आली. तरीही अगदी अलीकडच्या संबंधांतून गर्भ राहिला असल्यास तो इतक्या लवकर कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन आठवडे निरोध वापरून पुन्हा तपासणी करण्यास सांगितले आणि त्या दोन आठवड्यांत कोणते साधन घ्यायचे यावर तिने विचार करावा असे ठरले.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोय सरकारी रुग्णालयांत असते. वासंतीलाही तिच्याविषयी विचारण्यात आले होते, पण कळा सुरू झाल्यावर, प्रसूतिकक्षात. “तेव्हा मला कोणी माझं नाव विचारलं असतं तरी मी नको म्हटलं असतं,” असे ती म्हणाली. गरोदरपणाच्या प्रत्येक तपासणीला ती आली होती. त्या भेटींत रक्त, रक्तदाब, वजन, लोहाच्या गोळ्या हे सर्व झाले. बाळंतपणानंतर काय करणार, हा प्रश्न एकदाही निघाला नाही.

समोर असलेले पर्याय

दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा दुसरी तपासणीही नकारार्थी होती. आम्ही जवळजवळ पाऊण तास बोललो.

शस्त्रक्रियेचा विषय तिनेच काढला आणि तिनेच बाजूला ठेवला. “त्याला यांची सही लागेल ना?” असे तिने विचारले. सरकारी मानकांनुसार शस्त्रक्रियेसाठी जोडीदाराची संमती लागत नाही आणि तात्पुरत्या साधनांसाठी तर सहीचा प्रश्नच येत नाही, हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. एवढी साधी गोष्ट तिला अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होती. परंतु तिसऱ्या मुलाचा निर्णय झालेला नसताना कायमचे साधन सुचवणे योग्य नव्हते.

पुरुष नसबंदीचा उल्लेख मी केला. ती हसली आणि म्हणाली, “गाडी चालवायची असते त्यांना. अशक्तपणा आला तर?” असा अशक्तपणा येत नाही, ही छोटी, बिनटाक्याची क्रिया असते आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर माणूस हलक्या कामाला लागतो, हे मी समजावले. पण आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या एका वर्षात देशभरात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या पुष्कळ सक्तीने, आणि त्या धास्तीतून हे साधन अजून सावरलेले नाही. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात स्त्री-नसबंदीचा वापर ३७.९ टक्के होता आणि पुरुष-नसबंदीचा ०.३ टक्के. अशा परिस्थितीत घरी नसलेल्या नवऱ्याच्या वतीने हा विषय पुढे नेण्यात अर्थ नव्हता.

तांबी तिच्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या चांगला पर्याय होता. ३८० ए या प्रकारची तांबी दहा वर्षे काम करते, कधीही काढता येते आणि दुधावर तिचा परिणाम होत नाही. पण तिच्या मोठ्या जावेला तांबीनंतर खूप अंगावर जाऊ लागले होते आणि तिने ती तीन महिन्यांत काढून टाकली होती. त्याखेरीज ‘तांबी वर चढते आणि काळजाला चिकटते’ हे वाक्य मी त्या पंचक्रोशीत इतक्या बायकांकडून ऐकले आहे की त्याचे उत्तर मला पाठ झाले आहे : गर्भाशयाची पिशवी वरच्या बाजूने बंद असते, तिच्यातून काळजाकडे जाणारी वाट नाही. वासंतीला उत्तर पटले. भीती मात्र गेली नाही.

रोजच्या गोळ्या, म्हणजे माला-एन, तिने ठेवायच्या कोठे या प्रश्नावर अडल्या. घरात कपाट एकच आणि त्याची किल्ली सासूकडे होती. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेल्या सेंटक्रोमनची ही गोळी संप्रेरकविरहित असून पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. तिच्याबाबतही ठेवण्याची अडचण तीच होती.

राहिले ‘अंतरा’ इंजेक्शन. ते तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे, दुधाला बाधा येत नाही, घरी काही ठेवावे लागत नाही. थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, हे मी सांगितले. तिला चार वर्षांचे अंतर हवे असल्याने तो तोटा वाटला नाही. पहिल्या काही महिन्यांत रक्तस्राव अनियमित होतो, थेंब थेंब जात राहते, पुढे पुष्कळ जणींची पाळी थांबते आणि ते धोक्याचे नसते, हेही मी सांगितले. ती म्हणाली, “थोडंफार चालेल.”

आज मागे वळून पाहताना या ‘थोडंफार चालेल’पाशी मी थांबते. मी रक्तस्रावाचे प्रमाण सांगितले, कालावधी सांगितला, धोका नाही हे सांगितले. तिच्या घरात रक्त दिसले की काय होते, हे मी विचारले नाही. मी याच गोव्यात वाढले आहे, माझ्या आजोळी काय पाळले जात असे ते मला माहीत आहे, आणि तरीही मी विचारले नाही.

जुलैच्या अखेरीस तिने पहिले इंजेक्शन घेतले. कार्ड तिने बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या प्लास्टिकच्या वेष्टनात, मागच्या बाजूला, घडी करून सरकवले. नवऱ्याला काय सांगणार असे मी विचारले. “ताकदीचं इंजेक्शन दिलं म्हणून सांगेन. मागून बघू,” असे ती म्हणाली. तिचा निर्णय तिचा आहे म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

बिघाड

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, थेट १९ सप्टेंबरला होती. वासंतीला ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे ऐन निज श्रावणात, डाग दिसू लागले. रक्त फार नव्हते, पण ते थांबतही नव्हते.

त्या घरात पाळीचे चार दिवस बाई बाजूला बसते. स्वयंपाकघर आणि देवघर यांत जात नाही, पडवीच्या एका कोपऱ्यात तिचे अंथरूण वेगळे असते आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती घरात येते. अंगावर पिणाऱ्या बाळाला शिवाशिव नसते, थोरल्या मुलीला असते. बाळंतपणानंतर नऊ महिन्यांनी पहिल्यांदाच सुनेची पाळी आली असे सासूला वाटले, तोवर काही बिघडले नव्हते. पाचव्या दिवशी वासंती न्हाली, आणि दुपारी पुन्हा डाग दिसला. ती परत पडवीत गेली. असे तीनदा झाले. आठव्या दिवशी तिने उपकेंद्रात विचारले, तेव्हा आमच्याच एका सहकाऱ्याने तिला “होतं असं, थांबेल आपोआप” एवढे सांगून परत पाठवले. उत्तर चुकीचे नव्हते. पण तिची नोंद झाली नाही, कोणी तपासले नाही आणि मला कळले नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाळाची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस होती. लसीचे निमित्त असल्याने ती केंद्रात येऊ शकली. तो विसावा दिवस होता. ती बाकावर न बसता भिंतीला टेकून उभी होती. मी बस म्हटले तेव्हा ती म्हणाली, “नको, सवय झालीय बाजूला उभं राहायची.” वीस दिवस स्वयंपाक, पूजा, श्रावणातली सगळी व्रते सासूवर पडली होती आणि सासूचे गुडघे दुखत होते. चवथ आठ दिवसांवर आली होती; नेवऱ्या (करंज्या) करायच्या होत्या, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे, म्हणजे फळाफुलांच्या चौकटीचे, सामान आणायचे होते. थोरल्या मुलीने सकाळी शाळेत जाताना दारातून विचारले होते, “आई, तू अजून बाहेरच?”

दरम्यान सासूला संशय आला होता की सुनेला काही आजार आहे किंवा तिने काही ‘पाडले’ आहे. नवरा मंगळवारी घरी असताना पुस्तिकेतून कार्ड खाली पडले आणि त्याला कळले. तो चिडला. मूल नको म्हणून तो चिडला नव्हता, वासंतीच्या सांगण्यानुसार त्याचे शब्द होते, “मला सांगितलं असतंस तर मी आईला काहीतरी सांगितलं असतं. आता मी काय बोलू?”

काय केले

डॉक्टरांनी तिला तपासले. गर्भ नव्हता, जंतुसंसर्गाची चिन्हे नव्हती, हिमोग्लोबिन ९.४ होते. इंजेक्शनाचा परिणाम गोळीसारखा मध्येच बंद करता येत नाही. अंगात गेलेली मात्रा तिचा काळ पूर्ण करते. म्हणून तीन मार्ग होते : थांबून पाहणे, रक्तस्राव कमी करणारी औषधे देणे, आणि पुढचे इंजेक्शन न घेता साधन बदलणे. डॉक्टरांनी पाच दिवस मेफेनॅमिक ॲसिड दिले आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. साधन बदलण्याचा निर्णय दुसऱ्या मात्रेच्या वेळी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, वासंतीने घ्यावा असे ठरले.

वैद्यकीय भाग येथे संपला. त्यानंतरचा निर्णय अधिक अवघड होता : सासूला कोणी, काय सांगायचे. आरोग्यसेविकेचे मत होते की घरी जाऊन सरळ सांगावे. मला ते पटले नाही, कारण गर्भनिरोधनाची माहिती रुग्णाची असते आणि सासूला ती देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. दुसऱ्या बाजूने, काहीच न सांगितल्यास सासूचा संशय अधिक वाईट गोष्टीकडे वळला होता. आम्ही वासंतीलाच विचारले. ती बराच वेळ बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली, “इंजेक्शनामुळे झालं एवढं सांगा. कसलं ते मी सांगेन. आणि सिस्टरनी सांगा, तुम्ही नको. सिस्टरना आई ओळखतात.”

दोन दिवसांनी आरोग्यसेविका बाळाची लस कशी मानवली हे पाहण्याच्या निमित्ताने घरी गेली. तिने सासूला सांगितले की डॉक्टरांनी तपासले आहे, आजार नाही, काही पाडलेले नाही, एका इंजेक्शनामुळे हे जात आहे, औषध दिले आहे. सासूने तिला जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणाच्याही प्रशिक्षणात नव्हता. “अगे बाय, हे पाळीचं की जखमेचं?”

आरोग्यसेविकेने मला नंतर प्रामाणिकपणे सांगितले की क्षणभर तिला उत्तर सुचले नाही. मग ती म्हणाली, “आई, ही महिन्याची पाळी नव्हे. औषधामुळे थोडं थोडं जातं. पाळायचं काय ते तुम्ही ठरवा, ते मी कोण सांगणार?” सासूने थोडा विचार केला आणि ठरवले : चार दिवस झाले की न्हायचे आणि घरात यायचे, मग डाग दिसला तरी तो पाळीचा धरायचा नाही. देवघरात मात्र चवथीपर्यंत जायचे नाही. तिसऱ्या दिवशी डाग थांबले. नेवऱ्या वासंतीने केल्या.

या प्रसंगावर आमच्यात मतभेद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की पाळीच्या विटाळाची कल्पनाच चुकीची असताना आरोग्य खात्याच्या माणसाने ‘ही पाळी नव्हे’ असे सांगून तिला बळ दिले. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. तरीही मी आरोग्यसेविकेच्या बाजूने आहे. तिने जे सांगितले ते वैद्यकीयदृष्ट्या खरे होते, रूढीचा निर्णय तिने आपल्या अंगावर घेतला नाही, आणि पडवीत बसलेल्या बाईला त्या आठवड्यात घरात येणे आवश्यक होते. रूढीशी भांडण्याचे काम वासंतीच्या अंगावरून, तिला न विचारता, करणे मला मान्य नाही.

साधनबदल

पुढचे इंजेक्शन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होते. ते ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येते. त्या मंगळवारी नवरा सोबत आला. तो दाराबाहेर उभा राहिला होता. वासंतीला विचारून मी त्याला आत बोलावले. डाग पुन्हा चालू-बंद होत होते, पूर्वीपेक्षा कमी. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेनंतर बहुतेकींचा रक्तस्राव आटोक्यात येतो, म्हणून इंजेक्शन चालू ठेवणे हा वैद्यकीयदृष्ट्या योग्य पर्याय होता आणि डॉक्टरांनी तसे सांगितले. वासंतीने नकार दिला. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “बरं होईल म्हणता ते खरंच असेल. पण मला परत वीस दिवस नाही जमायचे.”

या वेळी मी आधी घरातील रीत विचारली आणि मग साधनांकडे वळले. प्रत्येक साधनाने रक्तस्रावाचे दिवस वाढतात की कमी होतात, या एका प्रश्नावर सर्व पर्याय पुन्हा लावून पाहिले. तांबीने सुरुवातीचे काही महिने पाळी जास्त जाऊ शकते, म्हणून ती मागे पडली. ‘छाया’ने पाळी लांबते आणि अंगावर जाणे कमी होते, हा सहसा तक्रारीचा मुद्दा असतो, वासंतीला तोच सोयीचा वाटला. डॉक्टरांनी यकृताचा आजार व अंडाशयातील गाठींचा त्रास नाही याची खात्री केली. गोळ्या ठेवण्याचा प्रश्न नवऱ्याने सोडवला : पाकीट त्याच्या पेटीत राहील. सुरुवातीचे तीन महिने निरोधही वापरायचा, असे दोघांनी कबूल केले.

दिवस ठरवताना तिने रविवार आणि बुधवार निवडले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखांच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने बारीक टिंब करू लागली. सासूने विचारले तेव्हा तिने या वेळी खरे सांगितले. सासू नाराज झाली, दोन दिवस बोलली नाही, आणि नंतर एके सकाळी टिंब नसलेल्या बुधवारी तिनेच विचारले, “आज गोळी घेतलीस की नाही?”

परिणाम

२०२५ च्या सुरुवातीस मी तिला शेवटची भेटले. सव्वा वर्ष ती ‘छाया’वर होती. मध्ये एकदा माहेरी लग्नाला गेली असता दोन आठवडे गोळ्या राहिल्या. सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडल्यास पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा, सुरू करायचे हे तिच्या लक्षात होते आणि तोवर त्यांनी निरोध वापरला. दोनदा पाळी लांबल्यावर ती घाबरून तपासणीला आली. दोन्ही वेळा गर्भ नव्हता. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. ती कारखान्यात परत कामाला लागली. तिसऱ्या मुलाचा विषय घरात अजून निघतो.

पडवीतले अंथरूणही तसेच आहे. चार दिवस ती अजून बाहेर असते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक माझ्या पहिल्या समुपदेशनातली आहे. ‘अंतरा’ निवडण्यात घाई झाली असे मी म्हणणार नाही. तिने पाऊण तास विचार केला होता. परंतु दुष्परिणाम सांगताना मी तो शरीरावरचा परिणाम म्हणून सांगितला, आणि तिला तो घरात भोगावा लागला. तिला त्याच दिवशी ‘पंधरा-वीस दिवस डाग दिसले तर घरी काय होईल?’ असे विचारले असते, तर तिने एका मिनिटात उत्तर दिले असते आणि कदाचित साधनही दुसरे निवडले असते. श्रावण आणि चवथ तोंडावर आहेत हेही मला दिसायला हवे होते. आता आम्ही इंजेक्शन किंवा तांबी देण्यापूर्वी हा प्रश्न विचारतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत घरी कोणते मोठे कार्य आहे तेही विचारतो. काही जणी हसतात. काही जणी पहिली मात्रा चवथीनंतर घेतात.

नवऱ्याला न सांगण्याच्या तिच्या निर्णयाबाबत माझे मत अजून स्थिर नाही. तिचा तो अधिकार होता आणि कित्येक घरांत न सांगणे हाच सुरक्षित मार्ग असतो. पण तिच्या बाबतीत न सांगण्याचे कारण भीती आहे की संकोच, एवढे तरी मी विचारायला हवे होते. तो संकोच होता. पहिल्याच भेटीत नवऱ्याला बोलावण्याची तयारी आहे का असे विचारले असते, तर ती कदाचित हो म्हणाली असती.

गरोदरपणाच्या तपासण्यांत बाळंतपणानंतरच्या साधनाविषयी बोलणे सुरू झाले असते, तर हे प्रकरण कदाचित घडलेच नसते. तांबीविषयीची भीती प्रसूतिकक्षात जात नाही. ती आठव्या महिन्यात, जाऊ सोबत असताना, तिच्या जावेलाच काय झाले होते ते नीट विचारून कमी करता येते.

आणि आठव्या दिवसाची ती भेट. ‘होतं असं’ या उत्तरानंतर ती बारा दिवस पुन्हा आली नाही, कारण घरातून बाहेर पडायला तिच्याकडे दुसरे निमित्त नव्हते. फोनवर चौकशी करावी, तर घरातला फोन सासूच्या हाताशी असे. आता पहिल्या इंजेक्शनानंतरची चौकशीची भेट आम्ही शक्य तेथे बाळाच्या लसीच्या किंवा वजनाच्या तारखेला जोडून देतो आणि ती तारीख बाळाच्याच पुस्तिकेत लिहितो. घरी विचारले, तर बाळासाठी जायचे आहे असे तिला सांगता येते.